खिशावरची भोकं

“नाकापेक्षा मोती जड झालाय हा,” ओठांत दोऱ्याचं टोक धरून घंटाबाबा पुटपुटले. “चार बोटांचं फडकं, आणि त्याच्यापायी सकाळपासून माझ्या कंबरेचा काटा ढिला. पूर्वी घंटा बडवली की माणूस मोकळा असायचा.”

“मग बडवा ना घंटा,” शिवणबाई मान वर न करता म्हणाली. “सुया ओवायला कोणी आवतण दिलंय तुम्हाला?”

“तुझे डोळे गेलेत म्हणून येतो. मला काय हौस आहे?”

हे मात्र खरं होतं. बाबांची सत्तरी उलटली होती, तीन सोडले तर बाकीचे दात कधीच पळाले होते, पण सुईचं नेढं त्यांना अजून पहिल्या झटक्यात सापडायचं. शिवणबाई पन्नाशीच्या आत होती आणि तिला ते तिसऱ्या झटक्यातही सापडत नसे. त्यामुळे दर मंगळवारी शाळेच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी मोडकी बाकं आणि खडूंची खोकी पडलेली असत, तिथे हे दोघं एकमेकांना टोमणे मारत बासष्ट पोरांना बासष्ट बिल्ले लावायचे. आणि दुपारी शाळा सुटताना ते सगळे काढायचे.

बिल्ला निळा, गोल. त्यात उघडं पुस्तक आणि पुस्तकाखाली दोन हात. दूरच्या कुठल्याशा शहरात, मोठ्या दालनात, पुष्कळ देशांनी एकत्र बसून शब्द दिला होता, की गरीब देशांतलं प्रत्येक मूल शाळेत बसेल. तो शब्द या शाळेपर्यंत पोचला तो पुस्तकांच्या, फळ्यांच्या, पत्र्याच्या छपराच्या आणि या बिल्ल्याच्या रूपाने. पुस्तकं, फळे, छप्पर, सगळं चांगलं होतं. बिल्ल्याची तेवढी एक अट होती. दर मंगळवारी बिल्ला लावलेल्या पोरांचा फोटो पाठवायचा, आणि बिल्ला शिवलेला हवा, टाचणीने लावलेला चालणार नाही. कुठल्याशा दुसऱ्या देशात म्हणे एकच बिल्ला फिरवून फिरवून दहा पोरांना लावला होता आणि फोटो दहा पाठवले होते. तिकडच्या चोरीची शिक्षा इकडे सुईला.

ते करायलाही शिवणबाईची ना नव्हती. पण बिल्ल्याचं दुसरं टोक रस्त्यावर होतं. टेकडीपलीकडून येणाऱ्या, तोंडं बांधलेल्या माणसांनी दोन वर्षांपूर्वी फर्मान काढलं होतं, की ज्याच्या छातीवर तो बिल्ला दिसेल त्याचा लिहिता हात शाबूत राहणार नाही. चार महिन्यांपूर्वी त्यांनी एका पोराची तीन बोटं मोडून ते बोलणं खरं केलं. त्यानंतरच ही युक्ती निघाली. खिशात पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा, म्हणजे सुई पोराच्या छातीला लागत नाही. वरून बिल्ला ठेवून कच्चा धावदोरा घालायचा आणि दोऱ्याचं एक टोक लोंबतं सोडायचं. फोटोत बिल्ला शिवलेला. शाळा सुटताना टोक ओढलं की बिल्ला हातात. पोरं घरी जाताना नुसत्या पांढऱ्या शर्टात. जगाने दिलेला शब्द मंगळवारी सकाळी आठ ते दुपारी दीड इतका वेळ अंगावर राहायचा.

“मावशी, मला एक सांगा,” रांगेत पुढे आलेली पोरगी म्हणाली. ही खाटकाची नऊ वर्षांची मुलगी. सगळी शाळा तिला वकीलीण म्हणायची, कारण तिने आजवर एकही गोष्ट पुराव्याशिवाय ऐकली नव्हती. “फोटोत हसायचं आणि रस्त्यात भ्यायचं, हे कुठल्या नियमात बसतं?”

“माझ्या नियमात. हलू नकोस, टोचेल.”

“आणि तुमची सुई आज एवढी मोठी का?”

“तुझं तोंड शिवायचंय, पोत्यासारखं,” घंटाबाबा म्हणाले, आणि सगळी रांग हसली.

सुई खरंच जाड होती. गेल्या महिन्यात पत्र आलं होतं, की फोटोत बिल्ल्यांचे कोपरे लोंबतात, बिल्ला चहूबाजूंनी नीट बसलेला दिसावा. बारीक सुईने, एकेरी दोऱ्याने तसं बसवायचं तर दुपार झाली असती. म्हणून शिवणबाईने जाड सुई आणि दुहेरी दोरा घेतला होता. पॉपलिनला जाड सुई वापरली की कापडाला भोकं राहतात, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. त्यावर उपायही असतो. ओला फडका ठेवून गरम इस्त्री फिरवली की धागे फुगतात आणि भोक मिटतं. पण इस्त्रीची तार तीन आठवड्यांपूर्वी जळाली होती, आणि बासष्ट शर्टांच्या बासष्ट खिशांवर कोण बघायला येतंय, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. तीनदा सांगितलं होतं.

दीड वाजता घंटा झाली. दोरे ओढले गेले, बिल्ले पत्र्याच्या डब्यात पडले. पोरं फाटकातून बाहेर सांडली. शिवणबाई जमिनीवरचे दोरे झाडूने गोळा करत होती, तेवढ्यात तिला मोटरसायकली ऐकू आल्या. दोन. मग पोरांचा आवाज बंद झाला. बासष्ट पोरांचा आवाज एकाएकी बंद होतो तेव्हा तो किंकाळीपेक्षा मोठा ऐकू येतो. ती हातातला झाडू घेऊनच फाटकाशी धावली.

समोर बंद पडलेल्या कारखान्याची लांब भिंत होती. पोरं त्या भिंतीशी उभी होती. चार माणसं, डोळ्यांखाली काळं फडकं बांधलेलं. दोघांच्या खांद्यावर बंदुका, एकाच्या हातात लोखंडी सळई, चौथ्याचे हात रिकामे.

“रांग सरळ करा,” त्यातला एक म्हणाला. “एका हाताचं अंतर. बोलायचं नाही.”

पोरांनी सवयीने हात पुढे करून अंतर घेतलं. रोज सकाळी मैदानावर घेतात तसंच. शिवणबाईच्या मागे मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा श्वास अडकल्याचं तिला मानेवर कळलं. ती वाक्यं त्यांचीच होती. गेली वीस वर्षं, त्याच क्रमाने.

रिकाम्या हाताचा माणूस रांगेच्या टोकाशी गेला. त्याने बिल्ला शोधला नाही. पहिल्या पोराच्या खिशावर त्याने अंगठा ठेवला आणि डोळे मिटले. अंगठा खिशाच्या कडेने हळूच फिरवला, एकदा डावीकडून, एकदा वरून खाली. जसं जुन्या कपड्याची उसवलेली शिवण शोधताना फिरवतात. मग त्याने मान हलवली, आणि सळईवाल्याने त्या पोराला रांगेबाहेर ओढलं.

तिसरीच्या पोरांचे शर्ट जाड, सैल विणीच्या कापडाचे होते, त्यात भोकं आपोआप मिटली होती, त्यांना त्याने सोडलं. काही खिसे धुऊन धुऊन मऊ पडले होते, तिथे अंगठ्याला काही लागलं नाही. सात पोरं निघाली. रस्त्याकडेला मैलाचा दगड होता. त्याच्यावर एकेकाचा उजवा हात ठेवायला लावला.

शिवणबाईला नंतर विचारलं असतं तर सळईचा आवाज तिला सांगता आला नसता. कारण तो सळईचा नव्हताच. ओली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा तो आवाज होता, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी मागून वेगळ्या उंचीची किंकाळी. एक पोरगा आपली पाळी यायच्या आधीच ओकला. एकाने हात मागे घेतला तर बंदुकीचा दस्ता तोंडावर बसला, आणि मग हात पुन्हा दगडावर ठेवून घेतला. रक्त दगडावरच्या आकड्यावरून ओघळत खाली गेलं.

सातवी वकीलीण होती. तिने हात पुढे केला नाही. “बिल्ला कुठाय?” ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण मुद्दा सुटलेला नव्हता. “दाखवा आधी. बिल्लाच नाही तर गुन्हा कसला?”

सळईवाला थांबला. उंच होता, खांदे पुढे काढून चालणारा. तो त्या पोरीकडे बघत राहिला, मग त्याने सळई शेजारच्याच्या हातात दिली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. शेजारच्याने जणू त्या उशिराचं उट्टं काढत एकाऐवजी तीन घाव घातले.

तिसऱ्या घावाला घंटाबाबा शिवणबाईच्या बाजूने फाटकातून बाहेर गेले. कसे गेले हे तिला कळलंच नाही. सत्तरीचा माणूस, कंबरेचा काटा ढिला, हातात घंटेचा लोखंडी टोला. त्यांनी तो टोला पहिल्या सापडलेल्या पाठीत घातला. तो माणूस कळवळून वाकला आणि बाकीचे त्यांच्यावर पडले. बाबा ओरडले नाहीत. एकदा फक्त “अरे, तू,” असं म्हणाले, आणि पुढचं बोलायला त्यांना कोणी दिलं नाही. त्यांचंच डोकं, त्यांचाच टोला. चौथ्या-पाचव्या फटक्यानंतर ते मारणं माणसाला मारणं राहिलं नव्हतं, तरी ते चालूच होतं.

मोटरसायकली गेल्या. शिवणबाईच्या एका मुठीत अजून झाडू होता. दुसरी मूठ फाटकाच्या गजावर अशी आवळली होती, की मोठ्या बाईंना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी नजर आधी काढली.

“टेकडीपलीकडचे लोक,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“हो,” शिवणबाई म्हणाली. “तेच लोक.”

दवाखान्यात सात हातांना फळ्या बांधल्या गेल्या. वकिलिणीची दोन बोटं काढावी लागली. ती रडली नाही आणि बोललीही नाही. डॉक्टरांनी नाव विचारलं तरी नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा शिवणबाई घरी आली. मागचं दार लोटलेलं होतं. आत तिचा पोरगा, बॉबिन, जेवत बसला होता. स्वतःच वाढून घेतलं होतं त्याने, भांडी कुठे असतात ते त्याला डोळे मिटूनही सापडावं इतकं पाठ. लहानपणी तो तिच्या मशीनखाली बसून दोऱ्याची रिकामी बॉबिन गोल फिरवत बसायचा, तेव्हापासून त्याला हेच नाव पडलं. आता वीस वर्षांचा होता. महिन्या-दोन महिन्यांतून असा यायचा, मागच्या दाराने, आणि उजाडायच्या आत जायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं की ती म्हणायची, लांब कामाला आहे. त्यांनी कधी कुठे म्हणून विचारलं नाही. खाटकाचा थोरलाही लांब कामाला होता. मोठ्या बाईंनी सांभाळलेला भाचा लांब कामाला होता, गिरणीवाल्याचा मुलगाही. सगळी वस्ती एकमेकांना ‘लांब’ एवढंच सांगायची आणि तेवढ्यावर भागवायची.

तिने हात धुतले. पाणी तांबडं गेलं, मग गुलाबी, मग साधं. तो बघत होता.

“जेवलीस का?” त्याने विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली. तो पुढे जेवत राहिला. त्याचा उजवा अंगठा ताटाच्या कडेवर फिरत होता, एकदा डावीकडून, एकदा वरून खाली. सहा-सात वर्षांचा असताना तिने त्याला ते शिकवलं होतं. जुना कोट उलटवून शिवायला आला की आधी जुनी शिवण कुठून गेली ते बघायचं, आणि डोळ्यांनी बघायचं नाही, डोळे फसवतात. डोळे मीट, अंगठा फिरव, कापड स्वतःहून सांगतं. त्याचा अंगठा तिच्यापेक्षा चांगला निघाला. तेव्हा ती गल्लीभर सांगत सुटली होती.

“आई,” तो म्हणाला, “बारीक सुई वापरत जा गं. पॉपलिनला जाड सुई चालत नाही. तूच सांगायचीस.”

तिने ओले हात पदराला पुसले.

“घंटाबाबा,” ती म्हणाली. तेवढंच. घंटा कशी वाजवायची ते याला बाबांनीच कडेवर घेऊन शिकवलं होतं. शाळा सुटल्यावर एक टोला जास्त मारायची परवानगी फक्त यालाच होती.

“ते मध्ये कशाला आले?” तो ताटाकडे बघत म्हणाला. मग थोड्या वेळाने, जणू तिने काही विचारलं होतं, “मला नुसतं अंगठ्यासाठी नेतात. मला काही लागलंच नाही, तर कोणाला काही होत नाही. म्हणून सांगतोय, बारीक सुई.”

तिच्या मनात खूप काही आलं. लागलं नाही असं खोटं बोलता आलं नाही का रे. शाळेतून काय खोटं न बोलायचं तेवढंच शिकलास. वकिलिणीच्या कुठल्या दोन बोटांत ती पेन धरायची, माहीत आहे का तुला. हे सगळं घशापर्यंत आलं, आणि तोंडातून निघालं ते असं:

“आणखी वाढू?”

पोटच्या पोराला वाढणारा हात इतका सरावलेला असतो, की डोकं नाही म्हणेपर्यंत तो वाढून मोकळा होतो. ती रात्रभर त्या हातावर चिडून होती.

सकाळी तो गेलेला होता. तिने पेटीतून बारीक सुयांचं पाकीट काढलं आणि खिशात टाकलं. वाटेने चालताना ती मनाशी हिशोब जुळवत होती. बारीक सुई, एकेरी दोरा, इस्त्रीला नवीन तार. अंगठ्याला काही लागणार नाही. काही लागलं नाही तर कोणाला काही होणार नाही. कोणाला काही सांगावंही लागणार नाही. पोरगा पण राहील, पोरं पण राहतील. असं तिला फाटकापर्यंत तरी वाटलं. फाटकाशी घंटा नुसती लोंबत होती.

मोठ्या बाईंच्या खोलीत वस्तीतली पंधरा-वीस माणसं कोंबून उभी होती. मोठ्या बाई फोनवर होत्या. पलीकडे साहेबबाई, बिल्लेवाल्या संस्थेची. ती रडत होती हे सगळ्यांना ऐकू येत होतं. सगळं जग या मुलांच्या पाठीशी उभं आहे, असं ती म्हणाली. या आठवड्याचा फोटो नाही आला तरी चालेल. पण बिल्ला बंद करता येणार नाही, कारण ज्यांनी शब्द दिला त्यांना तो कुठे पोचला ते दिसावं लागतं, दिसलं नाही तर ते दुसरीकडे बघायला लागतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तरी तिचं रडणं खोटं नव्हतं, आणि तेच ऐकायला फार जड जात होतं.

फोनच्या वर भिंतीवर मोठं रंगीत चित्र होतं. अकरा वर्षांपूर्वी संस्थेनेच काढून छापलेलं. एका बाकावर चार पोरं, नऊ-नऊ वर्षांची, चौघांच्या छातीवर नवा कोरा बिल्ला, चौघंही पोट धरून हसतायत. खाली अक्षरं: ‘आम्ही शब्द दिला आहे.’ बिल्ला लावणारी ती शाळेची पहिली तुकडी. शब्द पाचवीपर्यंतचाच होता, हे पाचवी संपली तेव्हा कळलं. सहावीचा वर्ग कधी आलाच नाही. चौघं बारा वर्षांची होऊन दगडाच्या खाणीवर गेली. तिथे त्यांना दुसरा कोणीतरी शब्द देणारा भेटला, आणि त्याचा शब्द पाचवीला संपणारा नव्हता. ते चित्र मात्र देशोदेशी गेलं होतं म्हणे. रंग अजून उडाला नव्हता.

दाराशी खाटीक उभा होता. दुकानातून तसाच आला होता, कमरेला सुरा. त्याच्या शेजारी वकीलीण, हाताचा पांढरा गोळा छातीशी धरलेला. खाटीक कालपासून एकच विचारत होता. बिल्ले कच्चे लावतात हे कोणी फोडलं? भोकं चाचपायची अक्कल त्या लोकांना कोणी दिली? ज्याला त्याला विचारत होता, आणि उत्तर यायच्या आत पुढच्याकडे वळत होता.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. संस्थेचा गाडीवाला. दर महिन्याला पुस्तकांची आणि बिल्ल्यांची खोकी घेऊन यायचा. दोन दिवस वाटेतच होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. खोकं खांद्यावर घेऊन, शीळ घालत तो खोलीत शिरला.

“काय हो, आज घंटा नाही झाली?” तो म्हणाला. “बाबा झोपले की काय?”

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मग गिरणीवाला हळूच म्हणाला, की कच्च्या टाक्यांचं बाहेरच्या एकाच माणसाला ठाऊक होतं.

खोलीतून एक सुस्कारा फिरल्यासारखं शिवणबाईला वाटलं. सगळ्यांचे खांदे उतरले. बाहेरचा माणूस सापडला होता. किती बरं वाटतं बाहेरचा माणूस सापडला की.

पहिला ठोसा गिरणीवाल्याचाच. खोकं पडून फुटलं आणि निळे बिल्ले जमिनीभर पसरले. गाडीवाला त्यांच्यावर पडला. लाथा बसायला लागल्या, पोटात, तोंडावर, कोणाच्या पायात काय होतं ते त्याच्या गालावर उमटत होतं. तो आधी काय झालं विचारत होता, मग नाही म्हणत होता, मग नुसता हात वर धरत होता. एकाने तो हात पाठीमागे पिरगळला. खांदा निखळल्याचं खोलीभर ऐकू आलं. काल पोरांच्या बोटांवर गप्प राहिलेली माणसं आज आवाज करत होती. प्रत्येक लाथेबरोबर ‘ते लोक’, ‘त्या लोकांचा हेर’. शिवणबाईने मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई मूग गिळून टेबलाची कड बघत होत्या.

खाटकाने गाडीवाल्याचे केस धरून त्याला गुडघ्यावर आणलं. सुरा काढला. कसबी हात, एका फटक्यात कानाची पाळी खाली पडली. गाडीवाला ओरडला तो आवाज जनावराचा होता. खाटकाने पातं त्याच्या जबड्याखाली लावलं.

“कोणाला सांगितलंस?”

“कोणालाच नाही हो. माझी स्वतःची पोरगी आहे. तिच्या शपथेवर सांगतो.”

“कोणाला?”

पातं आत गेलं, केसाएवढं. रक्ताची रेघ कॉलरपर्यंत आली. शिवणबाई खाटकाचे डोळे बघत होती. ते डोळे उत्तर मागणाऱ्याचे नव्हते. ते उत्तर येऊ नये म्हणून घाई करणाऱ्याचे होते. याचा गळा एकदा कापला की प्रश्न संपणार होता. आणि प्रश्न संपला की वस्ती पुन्हा ‘लांब’ म्हणायला मोकळी.

खिशातलं सुयांचं पाकीट तिच्या मांडीला टोचत होतं. बोलायचं नाही. बारीक सुई. पोरगा पण राहील. बोललं तर आज नाही तर उद्या हाच सुरा मागच्या दाराशी उभा राहील, आणि बॉबिन जेवायला येईल. ती तोंड मिटून उभी राहिली असती. आपल्याच दातांनी आपलाच ओठ चावला तर दात कोणी पाडत नाही, असं तिने आजवर शंभरदा ऐकलं होतं.

मग वकीलीण पुढे आली.

ती बापाच्या बाजूने निघाली आणि भिंतीवरच्या चित्रासमोर थांबली. बाकावरच्या चार पोरांकडे तिने पाहिलं, एकेकाकडे, पुरावा तपासावा तसं. दुसऱ्यापाशी, खांदे पुढे काढून बसलेल्या उंच पोरापाशी, ती जास्त वेळ थांबली. मग तिने बापाकडे पाहिलं. मग शिवणबाईकडे. कालपासून बंद असलेलं तिचं तोंड उघडलं, ओठ हलले, आणि पुन्हा मिटले.

शिवणबाईला कळलं, की ही बोलणार आहे. आता नाही तर पुढच्या श्वासाला. पुराव्याशिवाय न ऐकणारी पोरगी, तिच्याकडे पुरावा आहे आणि बापाच्या हातात सुरा आहे. आपण बोललो नाही तर ते हिला बोलावं लागेल. दोन बोटं गेली ती गेली, आता हेही हिच्याच अंगावर.

ती माणसं बाजूला सारत पुढे आली. पायाखाली बिल्ले सरकत होते. तिने खाटकाच्या मनगटावर हात ठेवला. ते मनगट थंड होतं.

“सोडा त्याला, भाऊ,” ती म्हणाली. “त्याने कोणाला काही सांगितलेलं नाही. अंगठ्याने भोकं शोधायला माझ्या बॉबिनला मी शिकवलं होतं.”

गाडीवाल्याचा हात पिरगळून धरलेल्याने तो सोडून दिला.

“ताई, गप्प बसा,” खाटीक म्हणाला. अगदी हळू. कालपासून तो पहिल्यांदाच हळू बोलला होता. “हात जोडतो. गप्प बसा.”

“काल संध्याकाळी माझ्याकडे जेवलाय तो. मी वाढलं.” तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटत होता, पण आता तो थांबत नव्हता. तिने चित्राकडे हात केला. “सळई तुमच्या थोरल्याकडे होती. बहिणीपाशी आल्यावर त्याच्याने घाव घालवेना, म्हणून ती त्याने बाईंच्या भाच्याकडे दिली. चौथा गिरणीवाल्याचा, बाबांचा टोला त्याच्याच पाठीत बसला. ते लोक ते लोक काय म्हणतोय आपण? कोण ते लोक? आपलीच पोरं आहेत ती. याच बाकावरची.”